बंदी घालूनही तेच आयपी पत्ते परत येतात: फेल२बॅन आणि फायरवॉलच्या ब्लॉक लिस्टची तपासणी

सार्वजनिक आयपी पत्ता असलेल्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचचे (दुरून सर्व्हर चालवण्याच्या सोयीचे) पोर्ट उघडे ठेवले की पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न लवकरच लॉगमध्ये दिसू लागतात, आणि त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण फेल२बॅन (लॉगमधील अयशस्वी प्रयत्न मोजून त्या पत्त्यावर फायरवॉलमध्ये बंदी घालणारा प्रोग्राम) बसवतात. तक्रार सुरू होते ती त्यानंतर. बंदी घातल्याची नोंद स्पष्ट दिसते, तरीही तोच पत्ता दुपारी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर असतो. मग हाताने फायरवॉलमध्ये कायमचे नियम टाकले जातात, यादी शेकड्यांवरून हजारांवर जाते, आणि लॉगमधील गर्दी मात्र तशीच राहते. यादी वाढवण्याआधी पत्ता परत का येतो हे ठरवणे आवश्यक आहे, कारण या एकाच लक्षणामागे वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी लॉग वाचावा

फेल२बॅनच्या स्वतःच्या लॉगमधून एकच त्रासदायक पत्ता निवडावा (या लेखात उदाहरणासाठी २०३.०.११३.२५ घेतला आहे, ही पत्त्यांची पट्टी दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे) आणि त्याच्या सगळ्या ओळी ग्रेप या शोधण्याच्या कमांडने वेगळ्या काढाव्यात. 'बॅन' या ओळीनंतर बंदीची मुदत संपण्याआधीच पुन्हा 'फाउंड' आणि त्यापाठोपाठ 'ऑलरेडी बॅन्ड' अशा ओळी येत असतील, तर बंदी कागदावर आहे पण पॅकेट अडत नाहीत. 'बॅन', 'अनबॅन' आणि थोड्या वेळाने पुन्हा 'फाउंड' असा क्रम दिसत असेल, तर फायरवॉल नीट काम करत आहे, बंदी मात्र अपुरी आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये शेकडो अयशस्वी प्रयत्न असूनही फेल२बॅनच्या लॉगमध्ये त्या पत्त्याचा उल्लेखच नसेल, तर मोजणीच होत नाही. या तीन शक्यता वेगळ्या केल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नये. बॅनटाइम, म्हणजे बंदीची मुदत, वाढवणे हा पहिलाच उपाय म्हणून केला जातो, आणि तो यांपैकी फक्त दुसऱ्या शक्यतेत उपयोगाचा आहे.

बंदी आहे, पण पॅकेट अडत नाहीत

येथे सर्वांत खात्रीचा पुरावा फायरवॉलच्या नियमापुढील मोजणीतून मिळतो. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलची नियमांची यादी तपशीलवार मागवल्यास प्रत्येक नियमाला किती पॅकेट लागली ते दिसते. तिच्या जागी आलेल्या एनएफटेबल्समध्ये त्यासाठी नियमात काउंटर लिहावा लागतो. ज्या नियमाने २०३.०.११३.२५ ला अडवायचे आहे त्याची मोजणी शून्यावरच असेल आणि तोच पत्ता लॉगमध्ये येत असेल, तर पॅकेट त्या वाटेने येतच नाहीत.

सर्वांत साधे कारण पोर्टचे असते. पुष्कळ जण एसएसएच २२ वरून दुसऱ्या पोर्टवर हलवतात, पण फेल२बॅनच्या जेलमध्ये (एका सेवेसाठीच्या नियमांच्या संचात) पोर्टची ओळ मूळ नावानेच राहते, आणि बंदीचा नियम फक्त पोर्ट २२ ला लागतो. हल्लेखोर नव्या पोर्टवर आहे, लॉग नव्या पोर्टचा वाचला जात आहे, आणि बंदी मात्र जुन्या, बंद पोर्टवर घातली जात आहे. जेल डॉट लोकल या फाइलमध्ये खरे पोर्ट लिहिले की हा प्रश्न मिटतो. (जेल डॉट कॉन्फ ही मूळ फाइल बदलू नये, पॅकेज अद्ययावत होताना तिच्यातील बदल पुसले जाऊ शकतात.)

दुसरे कारण डॉकरचे (अॅप्लिकेशन 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या प्रणालीचे), आणि ते अधिक चकवा देणारे आहे. कंटेनरचे पोर्ट बाहेर उघडले की येणाऱ्या पॅकेटचा गंतव्य पत्ता आधीच बदलला जातो आणि ते इनपुट चेनमध्ये (सर्व्हरसाठीच आलेल्या पॅकेटच्या नियमांच्या साखळीत) न जाता फॉरवर्ड चेनमधून (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या साखळीतून) पुढे जाते. फेल२बॅन आपले नियम नेहमीप्रमाणे इनपुटमध्ये लिहितो, त्यामुळे त्यांना एकही पॅकेट भेटत नाही. यूएफडब्ल्यू या सोप्या फायरवॉल साधनामध्ये हाताने टाकलेली बंदीही याच कारणाने निष्प्रभ ठरते. उपाय म्हणजे त्या जेलसाठी चेनचे नाव बदलून डॉकर-यूजर करणे. पण एवढ्यावर काम संपत नाही. डॉकर-यूजर चेनपर्यंत पोहोचताना पोर्टही बदललेले असते. बाहेरचे ८०८० आत ८० झालेले असते, म्हणून ८०८० साठी लिहिलेला नियम तेथेही जुळत नाही. अशा जेलला पोर्टनिहाय कृतीऐवजी सर्व पोर्ट बंद करणारी कृती द्यावी. डॉकरवर चालणाऱ्या वेब अॅप्लिकेशनच्या बाबतीत 'बंदी लागत नाही' अशी तक्रार आली, तर इतर काहीही पाहण्याआधी हे पाहावे.

तिसरे कारण म्हणजे मधला प्रॉक्सी (पाहुणे आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर). संकेतस्थळ क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे असेल आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरने हेडरमधून पाहुण्याचा खरा पत्ता काढून लॉगमध्ये लिहिला असेल, तर फेल२बॅन त्या खऱ्या पत्त्यावर बंदी घालतो. पण सर्व्हरपर्यंत येणारी पॅकेट प्रॉक्सीच्या पत्त्यावरून येत असल्यामुळे फायरवॉलला तो पत्ता कधी दिसतच नाही. उलट लॉगमध्ये प्रॉक्सीचाच पत्ता पडत असेल, तर बंदी प्रॉक्सीवर बसते आणि सगळेच पाहुणे बाहेर राहतात. अशा रचनेत बंदी प्रॉक्सी सेवेच्या फायरवॉलमध्ये घालावी किंवा वेब सर्व्हरच्या पातळीवर नकार द्यावा. शिवाय मूळ सर्व्हरची वेब पोर्ट फक्त प्रॉक्सीच्या जाहीर पत्त्यांनाच खुली ठेवावीत, नाही तर हल्लेखोर प्रॉक्सीला वळसा घालून थेट आत येऊ शकतो.

चौथे कारण नियम पुसले जाण्याचे आहे. अनेक सर्व्हरवर एनएफटेबल्सच्या मुख्य फाइलची सुरुवातच सर्व नियम रिकामे करण्याच्या आदेशाने होते. फायरवॉल पुन्हा लोड केली की फेल२बॅनने लिहिलेले नियम त्यात निघून जातात, परंतु फेल२बॅनच्या स्मरणात ते पत्ते अजून बंदीतच असतात, म्हणून तो अनेकदा 'ऑलरेडी बॅन्ड' एवढेच लिहून गप्प राहतो. फायरवॉलनंतर फेल२बॅनही पुन्हा सुरू करण्याची सवय लावावी, किंवा सिस्टमडीमध्ये (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीत) दोन्ही सेवा तशा बांधून टाकाव्यात. त्याहून बरे म्हणजे फायरवॉलची फाइल फक्त आपलेच टेबल रिकामे करील अशी लिहावी.

यूएफडब्ल्यू वापरणाऱ्यांनी नियमांचा क्रमही पाहावा. तेथे पहिला जुळणारा नियम लागू होतो. 'एसएसएचला परवानगी' ही ओळ वर आणि विशिष्ट पत्त्याला नकार देणारी ओळ तिच्या खाली असेल, तर नकाराची पाळी येतच नाही. नकाराचे नियम पहिल्या क्रमांकावर घुसवावे लागतात.

बंदी लागते, पण सुटताच पत्ता परत येतो

हा खऱ्या अर्थाने सराईतांचा प्रश्न आहे. फेल२बॅनची मूळ मूल्ये मवाळ आहेत: १० मिनिटांत ५ अयशस्वी प्रयत्न झाले की १० मिनिटांची बंदी. चुकून पासवर्ड विसरलेल्या माणसासाठी ती योग्य आहेत, पण स्वयंचलित प्रोग्रामला दहा मिनिटे थांबण्याचे काहीच वाटत नाही. यासाठी फेल२बॅनमध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांचा परस्परसंबंध समजून घेतला नाही तर एक दुसरीला निकामी करते.

पहिली सोय म्हणजे रेसिडिव्ह नावाचा जेल. तो एसएसएचचा किंवा वेब सर्व्हरचा लॉग न वाचता फेल२बॅनचाच लॉग वाचतो, इतर सर्व जेलनी घातलेल्या बंद्या मोजतो, आणि एका दिवसात ठरलेल्या संख्येइतक्या बंद्या झालेल्या पत्त्याला सर्व पोर्टवर एक आठवडा बाहेर ठेवतो. ही संख्या वेगळी दिली नसेल तर सर्वसाधारण मूल्य म्हणजे ५ हीच असते. हा जेल चालण्यासाठी लॉगची पातळी योग्य हवी. 'बॅन' ही ओळ नोटिस पातळीची असल्यामुळे लॉग केवळ वॉर्निंगवर ठेवला तर रेसिडिव्हला वाचायला काही उरत नाही, आणि डीबगवर ठेवला तर फेल२बॅन स्वतःच्याच ओळी वाचत फिरत राहण्याचा धोका असतो. मूळची इन्फो पातळी पुरेशी आहे. लॉग फाइलऐवजी सिसलॉगकडे वळवला असेल, तर रेसिडिव्हच्या जेलमध्ये लॉगचा मार्गही त्यानुसार बदलावा लागतो.

आता गणित पाहावे. समजा एखाद्याने वैतागून बॅनटाइम १० मिनिटांवरून ६ तासांवर नेला. सहा तासांची बंदी, सुटका, पुन्हा बंदी, अशा रीतीने २४ तासांच्या खिडकीत एका जेलमधून चारच बंद्या मावतात. पाचवी बंदी होईपर्यंत पहिली खिडकीबाहेर गेलेली असते. म्हणजे बंदी कडक केल्यामुळे आठवड्याची शिक्षा कधीच लागत नाही, आणि रेसिडिव्ह जेल सुरू असूनही रिकामा दिसतो. बॅनटाइम वाढवला की रेसिडिव्हचा फाइंडटाइमही (मोजणीची खिडकी) त्याच प्रमाणात वाढवावा, किंवा त्याचा मॅक्सरिट्राय (बंद्यांची ठरलेली संख्या) ३ वर आणावा. 'रेसिडिव्ह काम करत नाही' या तक्रारीमागे बहुधा एवढेच असते, असे माझे मत आहे.

दुसरी सोय ०.११ या आवृत्तीपासून आली: बंदीची मुदत दर वेळी वाढत जाणे. बॅनटाइम डॉट इन्क्रीमेंट सुरू केल्यास मूळ सूत्राप्रमाणे मुदत दुप्पट होत जाते. १० मिनिटांपासून सुरुवात केली तर पुढे २०, ४०, ८० अशी वाढत अकराव्या बंदीला ती सुमारे ७ दिवसांवर पोहोचते; १ तासापासून सुरुवात केली तर आठव्या बंदीलाच ५ दिवसांच्या पुढे जाते. कमाल मर्यादाही ठरवून देता येते आणि ती द्यावी. एका जेलमधील अपराध दुसऱ्या जेलमध्येही धरायचा असेल, तर ओव्हरऑलजेल्स ही सेटिंग चालू करावी लागते. ती मूळची बंद असते.

ही वाढ होण्यासाठी आधीच्या बंद्या लक्षात राहाव्या लागतात, आणि त्या एसक्यूलाइटच्या एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवलेल्या असतात. त्या डेटाबेसची जुन्या नोंदी पुसण्याची मुदत, म्हणजे डीबीपर्जएज, मूळची फक्त एक दिवस असते. दर तिसऱ्या दिवशी परत येणारा पत्ता त्यामुळे दर वेळी नवखा ठरतो आणि त्याला पुन्हा दहाच मिनिटांची बंदी मिळते. ही सेटिंग जेलच्या फाइलमध्ये नसून फेल२बॅनच्या मुख्य फाइलमध्ये आहे, म्हणूनच ती नजरेतून सुटते. फेल२बॅन डॉट लोकलमध्ये ती किमान ३० दिवस करावी. रेसिडिव्हची मुदत एका आठवड्याहून अधिक केली असेल, तर डीबीपर्जएज तिच्याहून मोठीच असली पाहिजे.

दोन्ही सोयी एकत्र वापरायच्या असतील तर पहिली मुदत लहान ठेवावी. १ तासापासून दुप्पट होणाऱ्या चार बंद्यांची बेरीज १५ तास होते आणि पाचवी बंदी दिवसाच्या आत बसते. २ तासांपासून सुरुवात केली तर तीच बेरीज ३० तास होते आणि रेसिडिव्ह पुन्हा उपाशी राहतो. साध्या सर्व्हरवर मी वाढत्या मुदतीलाच प्राधान्य देईन आणि रेसिडिव्ह फक्त तेथे ठेवीन जेथे एसएसएच, मेल आणि वेब असे अनेक जेल एकाच वेळी चालतात.

मोजणीच होत नाही

डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारी सेवा) मूळ स्थापनेत येत नाही, त्यामुळे ऑथ डॉट लॉग ही फाइलच नसते आणि एसएसएचचा जेल सुरू होताना लॉग फाइल सापडत नसल्याचे सांगून थांबतो. जेलमध्ये बॅकएंड (लॉग वाचण्याची पद्धत) म्हणून सिस्टमडी लिहावे आणि त्यासाठी लागणारे पायथनचे पॅकेज बसले आहे ना, ते पाहावे.

जुलै २०२४ मधील ओपनएसएसएच ९.८ पासून प्रत्येक जोडणी हाताळणारा भाग एसएसएचडी-सेशन या वेगळ्या नावाने चालतो आणि लॉगमध्येही त्याच नावाने लिहितो. फक्त जुने नाव (एसएसएचडी) शोधणारा फिल्टर अशा ओळींकडे दुर्लक्ष करतो. फेल२बॅन-रेजेक्स ही कमांड खऱ्या लॉगवर चालवून किती ओळी जुळतात ते पाहिल्यास हे लगेच कळते. (याच आवृत्तीत एसएसएचच्या सर्व्हरला त्रासदायक पत्त्यांना स्वतःच काही काळ नाकारण्याची सोयही मिळाली आहे, त्यामुळे नव्या सर्व्हरवर फेल२बॅनचा भार मुळातच कमी होऊ शकतो.)

भारतातील सर्व्हरवर आणखी एक बाब तपासावी. यजमान सर्व्हर भारतीय वेळेवर आणि कंटेनर यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालत असेल, आणि लॉगच्या ओळीत टाइमझोनचा उल्लेख नसेल, तर आत्ताच घडलेला प्रयत्न फेल२बॅनला साडेपाच तास जुना वाटतो. १० मिनिटांच्या खिडकीत तो बसत नाही आणि जुन्या आवृत्त्या त्याकडे मुकाट्याने दुर्लक्ष करतात. नव्या आवृत्त्या निदान टाइमझोनची शंका असल्याचा इशारा लॉगमध्ये देतात.

पत्ता बदलतो, शेजार तोच राहतो

काही वेळा प्रत्येक पत्ता एकदोनदाच येतो, पण सगळे एकाच पट्टीतील असतात. आयपीव्ही४ मध्ये २५६ पत्त्यांच्या एका पट्टीतून बरेच पत्ते आठवडाभर येत राहिले, तर हूइज नोंद (पट्टी कोणाच्या नावावर आहे ती नोंद) पाहून संपूर्ण पट्टी अडवण्यास हरकत नसते, विशेषतः ती भाड्याच्या सर्व्हरची असेल तर. आयपीव्ही६ मध्ये तर एकेका पत्त्यावर बंदी घालणे व्यर्थच आहे, कारण साधारणपणे एका ग्राहकाला ६४ बिटांचा संपूर्ण पट्टा मिळतो आणि तो हव्या तितक्या वेळा पत्ता बदलू शकतो. तेथे बंदीचे एकक ६४ बिटांचा पट्टाच असावा.

पट्टी मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीची असेल तर मात्र हात आवरता घ्यावा. आपल्याकडील मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही४ चा एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटला जातो. यासाठी लागणारी १००.६४ पासून सुरू होणारी खास पट्टी २०१२ मध्येच आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमदस्तऐवजाने राखून ठेवली आहे. अशा सार्वजनिक पत्त्यावर महिनाभराची बंदी घातली, तर एका बाधित फोनमुळे त्याच पत्त्यामागचे कित्येक निरपराध ग्राहक प्रवेश अर्ज किंवा बिल भरण्याचे पान उघडू शकत नाहीत, आणि त्यांची तक्रार 'साइट बंद आहे' अशी येते.

हाताने केलेली आणि बाहेरून आणलेली यादी

आयपीटेबल्समध्ये प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा नियम लिहिला तर प्रत्येक नव्या पॅकेटला ते नियम क्रमाने पार करावे लागतात. हजारो नियमांनंतर हा खर्च जाणवतो. आयपीसेट किंवा एनएफटेबल्सचा सेट (पत्त्यांचा संच) वापरल्यास नियम एकच राहतो आणि शोध हॅशने, म्हणजे क्रमाने न चाचपता थेट, होतो. आयपीसेटची मूळ क्षमता ६५,५३६ नोंदींची असते. मोठी यादी भरताना मध्येच त्रुटी आली तर ही मर्यादा आठवावी. त्यातील नोंदीला देता येणारी कमाल मुदतही २१,४७,४८३ सेकंद, म्हणजे सुमारे २५ दिवस आहे. त्याहून मोठी मुदत दिल्यास नोंद नाकारली जाते.

प्रत्येक नोंदीला मुदत आणि कारण हवे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील तडीपारीलाही कमाल दोन वर्षांची मर्यादा आहे. आयपी पत्त्याला तर त्याहून बरीच कमी पुरे, कारण भाड्याचा सर्व्हर सोडला की तोच पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. दोन्ही प्रकारच्या सेटमध्ये नोंदीला शेरा जोडता येतो, तेथे तारीख आणि कारण लिहावे. मूळ यादी मात्र साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवून सेट तिच्यावरून तयार करावा, म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर काही हरवत नाही. मायक्रोटिकच्या राउटरवर मुदत दिलेल्या अॅड्रेस लिस्टच्या नोंदी फक्त स्मृतीत असतात आणि वीज गेली की त्याही जातात. 'रीबूटनंतर जुने पत्ते परत आले' याचे कारण तेथे हेच असते.

तयार याद्यांपैकी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची ड्रॉप ही यादी लहान आणि काटेकोर आहे. तिच्यात गुन्हेगारी टोळ्यांनी बळकावलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या पूर्ण पट्ट्या असतात आणि ती थेट अडवण्यासाठीच बनवलेली आहे. फायरहोलची पहिल्या पातळीची यादी लावताना सावध राहावे, कारण तिच्यात खासगी पट्ट्याही असतात. ती इंटरनेटकडील इंटरफेसवर ठीक आहे. सर्व इंटरफेसवर लावली तर १९२.१६८ ने सुरू होणारे कार्यालयातील स्वतःचेच नेटवर्क बंद होते.

म्हणून कोणतीही यादी लावण्याआधी अपवादांची यादी भरावी: स्वतःचे स्थिर पत्ते, व्हीपीएन, मॉनिटरिंग, आणि पेमेंट गेटवे ज्या पत्त्यांवरून निरोप पाठवतो ते पत्ते. फेल२बॅनमध्ये हे इग्नोरआयपीत लिहितात, पण फायरवॉलच्या सेटला इग्नोरआयपी ठाऊक नसते, त्यामुळे परवानगीचा नियम तेथेही बंदीच्या वर असावा. घरच्या ब्रॉडबँडचा बदलता पत्ता अपवादात टाकण्यापेक्षा वायरगार्ड हा व्हीपीएन वापरलेला बरा. दूरच्या सर्व्हरवर बदल करताना आयपीटेबल्स-अप्लाय वापरावा, जो ठरावीक वेळात होकार न मिळाल्यास जुने नियम परत आणतो. मायक्रोटिकवर हेच काम सेफ मोड करतो.

एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त 'की' (एसएसएचची डिजिटल किल्ली) ठेवली असेल, तर वरील सारे केवळ लॉगमधील गोंगाट कमी करण्यापुरते उरते, आणि तेथे बंदीच्या मुदतींवर फार वेळ घालवू नये.

लॉग मात्र पुसू नयेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटची मूळ मुदत त्यापेक्षा कमी असू शकते, ती वाढवावी. सराईत पट्टी एखाद्या भारतीय सेवादात्याची असेल, तर हूइज नोंदीतील गैरवापर कळवण्याच्या पत्त्यावर ईमेल करावा. त्यात स्वतःचा सर्व्हर, पोर्ट, मूळ लॉगच्या काही ओळी आणि टाइमझोनसह नेमकी वेळ द्यावी. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहक वापरत असतील तर स्रोत पोर्टही द्यावे, कारण त्याशिवाय सेवादात्यालाही नेमका ग्राहक शोधता येत नाही.